मफलरची पिल्लं

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. सर्पगृहात सगळे मला आत्या म्हणतात, जनावरांचे डॉक्टरसुद्धा, आणि काही विचारायचं असलं की आधी माझा चेहरा बघून घेतात. सापांना त्याचं काही नसतं. आपण काय बोलतो ते त्यांना फारसं ऐकू येत नाही, म्हणून तर आमचं इतकी वर्षं जमलं.

आमचं सर्पगृह म्हणजे एक लांबट, कायम गरम खोली. दोन्ही भिंतींना खणांच्या मांडण्या, प्रत्येक खणाच्या तळाशी तापणारी पट्टी, तिच्यावर कागद, पाण्याची वाटी आणि लपायला एक पालथा डबा. जंगलातून पकडून आणलेलं इथे काहीच नाही. सगळे इथेच किंवा अशाच दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत जन्मलेले. लहान जातीचे अजगर, भीती वाटली की डोकं आत घेऊन चेंडू होऊन बसणारे. यांची जोडी कधी लावायची, अंडी कशी उबवायची, पिल्लाला पहिला घास कसा द्यायचा, हे माझं काम.

मला आत्या हे नाव पाडलं पंतने. पंत म्हणजे माझा भाचा, दादाचा एकुलता एक. चार वर्षांचा असल्यापासून हाताची घडी घालून “मला तसं वाटत नाही” म्हणायचा, म्हणून पंत. पाचव्या वर्षी तो जिन्यात पडायला लागला. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर हात रोवायचा, मग मांड्यांवर, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा. आम्हाला वाटलं नाटकं करतोय. मी तर त्याला रागावलेसुद्धा.

त्या आजाराचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. स्नायू झिजत जातात. आधी पाय, मग हात, मग मान, मग छाती. डॉक्टरांनी दादाला, वहिनीला आणि मला समोर बसवून समजावलं. चांगले होते, घाई केली नाही. म्हणाले, हा दोष आईकडून मुलाला येतो. आईकडे एक बिघडलेलं आणि एक चांगलं अशी दोन जनुकं असतात. चांगलं असतं ते बिघडलेल्याला झाकून घेतं, त्यामुळे आई धडधाकट असते, तिला पत्ताही नसतो. मुलाला त्यातलं एकच मिळतं, बापाकडून त्याची जोडी येत नाही, आणि ते बिघडलेलं निघालं तर झाकायला दुसरं नसतं.

दादा फरशीकडे बघत बसला होता. घरी आल्यावर वहिनीने वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, पंतचे मोजे जोडीजोडीने लावले. खूप वर्षांनी, आम्ही दोघी सर्पगृहात खण पुसत असताना, ती त्यावर एकदाच बोलली.

“वन्सं, इलाज तर नव्हताच. मग मला सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं?”

वन्सं ती मला चिडवायला म्हणते, लग्न होऊन आली तेव्हापासून. त्या दिवशी चिडवत नव्हती. मी म्हटलं, कोपरा नीट पूस.

पंत चाकांच्या खुर्चीत आला तेव्हा शाळा सुटली की वहिनी त्याला माझ्याकडे आणून सोडायची. दादा सापांना भितो, तो फाटकापासूनच हात करायचा. पंतने पहिल्याच आठवड्यात एक नर निवडला, फिकट पिवळसर, मंद स्वभावाचा. तो पंतच्या गळ्यात जो जाऊन बसला तो बसलाच, म्हणून त्याचं नाव मफलर. अंगाची ऊब मिळाली आणि समोरचा हलला नाही की अजगर खूश. पंत म्हणायचा, “आत्या, अख्ख्या जगात मी हलू नये असं वाटणारा हा एकटाच आहे.” आणि स्वतःच हसायचा. आम्हाला मेलं रडू यायचं, आणि हा हसायचा.

पोरगा हुशार होता. कुठल्या नराला कुठल्या मादीजवळ सोडलं तर पिल्लं कुठल्या रंगाची होतील, हे तो माझ्याआधी सांगायचा. मफलरला थोरलीजवळ सोडायचं त्याच्या मनात फार दिवस होतं. थोरली आमची सगळ्यांत जुनी मादी, काळीभोर, अंगावर मधाच्या रंगाचे पट्टे. शेवटी एका हिवाळ्यात मी ऐकलं. तोपर्यंत पंतचे हात गेले होते, मानही जेमतेम उभी राहायची. दुपारभर तो त्या खणासमोर खुर्ची लावून बसला आणि मी आल्यावर म्हणाला, “जमलं त्यांचं.”

त्या वर्षी थोरलीने काही अंडी घातली नाहीत. पंत दवाखान्यात होता. वहिनी जेवू घालताना त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं देऊन मान उचलून धरायची, नाहीतर डोकं पुढे पडायचं. मी भेटायला गेले की तोंडावरचा श्वासाचा मास्क बाजूला करायला लावून तो एवढंच विचारायचा, थोरलीने घातली का? मी म्हणायचे, घालेल, तुझ्यासारखी घाई नाही तिला. तो गेला त्या दिवशीही त्याने विचारलं होतं. विसाव्या वर्षी गेला. पाठोपाठ उन्हाळ्यात मफलरच्या छातीत कफ झाला, तोही गेला.

मला पंतची आठवण येते. आली की मी कुणावर तरी ओरडते.

वहिनीचं तसं नव्हतं. पंधरा वर्षं जिने पोराला उचललं, वळवलं, भरवलं, तिच्या हातांना कामच उरलं नाही. ओट्यापाशी नुसती उभी राहायची, गॅस पेटवायचीही विसरायची. दादा हतबल झाला. मग मीच तिला धरून आणलं. म्हटलं, घरात भिंतींकडे बघत बसू नकोस, मला शी काढायला माणूस हवंय. ती पंत गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि आली. तेव्हापासून रोज येते. पिल्लांना हाताळावं कसं, हे तिला शिकवावं लागलं नाही.

आणखी एक हिवाळा गेला. थोरलीजवळ कुठलाच नर सोडला नव्हता. एका सकाळी वहिनीने तिचा खण ओढला आणि मला हाक मारली. थोरली अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती.

आता आमच्या धंद्यातली रीत अशी की, नराशिवाय राहिलेल्या मादीने अंडी घातली तर ती वांझच धरायची. बघायचंसुद्धा नाही, उचलून टाकायची. मी आजवर तेच करत आले होते, माझ्या आधीचेही तेच करायचे. मी वहिनीला बादली आणायला सांगितलं. ती बादली न आणता विजेरी घेऊन आली. म्हणाली, एकदा उजेड लावून बघा ना, वन्सं. माझ्यासाठी.

मी कुरकुरत दिवा विझवला आणि एकेका अंड्याला विजेरी टेकवली. पहिली काही पिवळट, मेणासारखी, नेहमीची वांझ. मग एक अंडं आतून गुलाबी उजळलं. आत लाल शिरांचं जाळं दिसत होतं. अशी चार निघाली.

अंधारात वहिनी म्हणाली, “मफलरची.”

मला नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. अजगराची मादी नराचं बीज पोटात सांभाळून ठेवते, वेळ आली की वापरते, वर्ष वर्ष उलटल्यावरसुद्धा. आम्ही सगळ्यांनीच ते ऐकलेलं, मी स्वतः एकदा बघितलेलं. मी म्हटलं, हो, दुसरी कुणाची असणार? पंतने लावलेली जोडी. उशिरा का होईना, थोरलीने शब्द पाळला.

वहिनीने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. त्यानंतर जे दिवस गेले तसे दिवस आमच्या घराने फार काळात बघितले नव्हते. ती उबवणीच्या पेटीपाशी स्टूल टाकून बसायची. दादा चक्क खोलीच्या दारापर्यंत आला, तिथून मान लांब करून पेटीकडे बघून गेला. रात्री त्याने वहिनीला विचारलं म्हणे, दात असतात का गं एवढ्याशांना? घरात पंतचं नाव निघायला लागलं, तेही न रडता.

चारातल्या एका अंड्यातलं पिल्लू आतच गेलं. तीन बाहेर आली. अंड्याला चीर पाडून नुसतं नाक बाहेर काढून बसली होती, आणि वहिनी त्यांच्याशी बोलत होती. तुमच्या बाबांना ज्याने वाढवलं ना, असं काहीतरी सांगत होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मीही रडत होते, आता लपवून काय करू.

पिल्लं पूर्ण बाहेर आल्यावर मी त्यांना एकेक करून हातात घेतलं. पिल्लू मान धरेना. डोकं मागे जाऊन छताकडे वळायचं आणि तिथेच राहायचं. पाठीवर उताणं केलं की सुलट होता येईना, नुसतंच पिळवटत राहायचं. तिघांचंही तेच. शिवाय तिन्ही माद्या, आणि एकीच्याही अंगावर मफलरचा फिकटपणा नाही.

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनीही उलटसुलट करून बघितलं. सुलट होता न येणारं पिल्लू आम्ही ठेवत नाही, डॉक्टर त्याला कायमचं झोपवायची सुई देतात. ते त्यांना बोलायचंच होतं, पण आधी ते दुसरंच बोलले. म्हणाले, आत्या, सगळ्या माद्या आहेत, यात नराचा संबंध नसेलही. अजगरांमध्ये कधीकधी मादी एकटीच पिल्लं घालते. मी त्यांना गप्प बसा म्हटलं. माझ्या हाताखालच्या माणसांना म्हणते तसं म्हटलं. पण वहिनी कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती.

तिने गठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, हे तपासता येतं का? डॉक्टर म्हणाले, विद्यापीठात माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचं कामच ते. थोरलीची कात लागेल, पिल्लांची पहिली कात लागेल, आणि नराचं काहीतरी. मी लगेच म्हटलं, नर कधीच मातीत गेला, विषय संपला. जीव भांड्यात पडला माझा.

दुसऱ्या दिवशी वहिनी मफलरची कात घेऊन आली. अख्खी, नाकापासून शेपटीपर्यंत, कुठेही न फाटलेली. पंतने ती स्वेटरच्या घड्यांमध्ये जपून ठेवली होती. तिने ती टेबलावर पसरली, शेपटीकडचा वीतभर तुकडा शिवणाच्या कात्रीने कापला आणि बाकीची परत गुंडाळली.

मी तिला खूप बोलले. म्हटलं, कशाला उकरत बसतेस? तुला वाटतंय ना मफलरची, मग मफलरची. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “मला वाटण्यावर नाही राहायचं. असतील तर मी यांना शेवटपर्यंत सांभाळीन, कुणाला सुई देऊ देणार नाही.”

दोन पिल्लं त्या महिन्यातच गेली, एकापाठोपाठ एक, आपणहून. राहिली ती सगळ्यांत बारकी, तिला आम्ही धाकटी म्हणायचो. तिला आपल्या तोंडाने भक्ष्य पकडता यायचं नाही. झडप घालायची ती भलतीकडेच जायची. मग वहिनी तिला हातात घ्यायची, हनुवटीखाली दोन बोटं द्यायची, मान सरळ करायची, आणि मी चिमट्याने उंदराचं कोवळं पिल्लू तिच्या तोंडात सरकवायचे. वहिनीची बोटं बघून मला ते दवाखान्यातलं जेवण आठवायचं. तिला आठवत नसेल असं कसं म्हणू?

विद्यापीठातल्या बाईंचा फोन मला आला. मी अंगणात नळापाशी उभी राहून ऐकला. आवाजावरून तरुण वाटल्या. आनंद झाला होता त्यांना, पण त्यांनी तो आवरला होता, डॉक्टरांनी आमच्या घरचं कानावर घातलं असावं. म्हणाल्या, त्या नराचं यांच्यात काहीही नाही. कणभरही नाही. पिल्लं थोरलीची एकटीची आहेत.

मी विचारलं, मग आईसारखी धडधाकट का नाही झाली? आईची नक्कल असतील तर आईसारखी नकोत का?

त्या म्हणाल्या, नक्कल नाही, आत्या. आईकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एरवी त्यातली एक पिल्लाला जाते आणि दुसरी बापाकडून येते. इथे बाप नव्हता, तर आईचीच एक प्रत पुन्हा वापरली गेली. मला ते एखाद्या शिंप्याने एकच बाही दोनदा कापावी तसं वाटलं, दोन्ही डाव्या. थोरलीत मानेचा एक दोष होता, त्या म्हणाल्या. तिच्या दुसऱ्या, चांगल्या प्रतीने तो जन्मभर झाकून ठेवलेला, म्हणून तिला कधी त्रास झाला नाही. पिल्लांमध्ये दोन्ही प्रती दोषाच्याच आल्या, झाकायला काही उरलं नाही.

मी फोन ठेवला. हेच मी सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका टेबलासमोर बसून ऐकलं होतं, वहिनीच्या शेजारी. नळ उघडून तोंडावर पाणी मारलं आणि खोटं बोलायचं ठरवूनच आत गेले. काय बिघडणार होतं? मफलरचीच आहेत म्हणायचं. धाकटी तशीही फार जगणार नव्हती. विद्यापीठातल्या बाईंना दम द्यायचा, डॉक्टरांना द्यायचा, दादा तर काय विचारतच नाही. मी दारातून आत आले, तोंड उघडलं, आणि वहिनीने माझा चेहरा बघितला. सगळे बघतात तसाच.

“नाहीत ना?” ती म्हणाली.

मी म्हटलं, नाहीत. ती धाकटीला घेऊनच स्टुलावर बसली. पंतचं काहीच नव्हतं आता कुठे, फक्त ती कात, तीही शेपटी कापलेली. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, मग मान अशी कशी? तिथे तरी मला खोटं बोलता यायला हवं होतं. पण तिने विचारलं ते इतकं सरळ, की मी जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. थोरलीत होतं, तिला काही होत नव्हतं, पिल्लांमध्ये उतरलं. सांगता सांगताच मला कळलं मी काय सांगतेय, पण तोवर सगळं बाहेर पडलं होतं. मला स्वतःची जीभ तोडून टाकावीशी वाटली.

वहिनी बराच वेळ धाकटीच्या मानेवरून अंगठा फिरवत राहिली. मग उठली, धाकटीला माझ्या हातात दिलं आणि थोरलीचा खण ओढला. थोरलीने डबा सोडून डोकं बाहेर काढलं, जीभ लपलपवली. चांगली गुबगुबीत झाली होती पुन्हा, नुकतंच खाल्लेलं. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिची पाठच दिसत होती.

“वन्सं,” ती म्हणाली, “हिला कुणी सांगू नका.”

तिने खण हळूच आत लोटला, हात धुतले, आणि म्हणाली, चला, धाकटीला भरवायचंय, थंड होईल. मी चिमटा घेतला. तिने दोन बोटं हनुवटीखाली दिली.

धाकटी त्यानंतर काही दिवसांनी गेली, वहिनीच्या हातातच. सुईची वेळ आली नाही. थोरली आहे अजून. तिच्यासाठी आता लोक येतात, विद्यापीठातल्या बाईंचे विद्यार्थी येतात, चांगली मुलं आहेत, नमस्कारबिमस्कार करतात. तिच्या खणासमोर उभं राहून एकमेकांना सांगायला लागतात, हिच्यात दोष होता, हिच्यामुळेच पिल्लांना, की मी त्यांना खांद्याला धरून अंगणात काढते. तिथे नळापाशी काय ते बोला म्हणते. त्यातला एकजण मला परवा समजावत होता की आत्या, सापाला ऐकू येत नाही हो. मी म्हटलं, मला माहीत आहे. वहिनी आत खण पुसत होती.